जनीच्या धवळ्यांची डिस्क

"बाबा, हा डबा कुणी उघडला होता?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. गिऱ्हाइकांनी घरच्या घरी स्क्रू फिरवलेले मला खपत नाहीत, आणि तोंडावर ताबा ठेवायला मी अजून शिकलेले नाही.

वाळूबाबा स्टुलाच्या काठावर टेकले होते. म्हसा गावाजवळून दोन एसट्या बदलून ते शहापूरला माझ्या दुकानात आले होते, कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून, मांडीवर घेऊन. मुरबाडला एका दुकानात 'हार्ड डिस्क दिसत नाही, नवीन टाका' असं सांगून त्यांना वाटेला लावलं होतं. नवीन घेऊन ते काय करणार? त्यांना जुनीच हवी होती.

"मीच उघडतो," ते म्हणाले. "दसऱ्याला. पूजेला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची बायको जनी धवलारीण होती, म्हणजे लग्नात हळदीला आणि मांडवात धवळे गाणारी. आसपासच्या गावांत तिच्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. मुलगा हरेश वापीला कामाला. एका दिवाळीत त्याने आईला माइकपुढे बसवून तिचे सगळे धवळे कॉम्प्युटरवर घेतले. पुढच्या वर्षी जनीबाई गेल्या. आईचे दिवस उरकून परत जाताना हरेशने डबा उघडून आतली डिस्क बापाला दाखवली आणि आईचा आवाज इथे आहे म्हणून सांगितलं. झालं! तेव्हापासून दर दसऱ्याला कोयत्या-विळ्यांच्या जोडीने डिस्कचीही पूजा. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की बाबा एक धवळा ऐकायचे. महिन्यापूर्वी ते बंद पडलं. आणि आता शुक्रवारी हरेशच्या मुलीची, रुपाची हळद होती. आजीचे धवळे लागल्याशिवाय अंगाला हळद लावून घेणार नाही म्हणून पोरगी हटून बसली होती.

दुसरीकडे कुठे कॉपी आहे का, विचारलं. हरेशच्या मोबाइलमध्ये होती, तो मोबाइल केव्हाच हरवला. शिकल्यासवरल्या माणसाला एवढी अक्कल नसावी? समोर असता तर सोलून काढला असता मी त्याला.

बाबांना जेवून यायला सांगितलं आणि कामाला लागले. केबल बदलली. दुसऱ्या पॉवरवर लावली, माझ्या मशिनला जोडून पाहिली. स्क्रीनवर डिस्कचं नाव काही येईना. मग डिस्क उजेडात नेली. वर कुंकवाचा हा थर! चार दसऱ्यांचं, तेलात कालवलेलं कुंकू, त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसत गेले, तर खालून ते बारीक भोक निघालं, ज्यातून डिस्क हवा घेते. हे झाकू नका, असं शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं. बाबांना ती टिळ्याची जागा वाटली असणार. बरोबर त्यावरच लावत होते बिचारे. तेल आत उतरलं होतं.

पुन्हा वीज दिली आणि कान लावला. टक, टक, आणि मग खरखर. मुंबईत हेच काम करणारा प्रणित माझ्या ओळखीचा आहे. त्याला फोनवर तो आवाज ऐकवला. तो म्हणाला, आतली तबकडी घासली गेलीय, आता यातून काही निघायचं नाही. मी तरी आणखी दोनदा लावून पाहिली. हे तुमच्याच हातून झालं, असं त्या म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी ठरवलं, सांगायचं नाही.

बाबा चारला आले. मी सांगून टाकलं की वस्तू जुनी झाली होती, अशा डिस्का आपोआपच जातात, यात कुणाचा काही दोष नाही. जरा जास्तच बोलले. त्यांनी मान डोलावली आणि डिस्क दोन्ही हातांनी उचलली. अंगठा तिच्यावरून फिरत गेला आणि भोकापाशी थांबला.

"कुंकू पुसलंस गो?"

माझ्या अंगावर काटा आला. सवाष्णपणी गेलेली बाई ती. नवरा हयात असताना तिचं कुंकू मी स्पिरिटने पुसून टाकलं होतं, आणि पुसताना ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. चुकलं बाबा, म्हटलं.

पण ते रागावलेले नव्हते. त्या भोकाकडेच पाहत होते.

"नुसती जुनी झाली असती तं पुसलं नसतंस," ते म्हणाले. "म्हंजे मीच तिचं तोंड बुजवलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. डोळे भरून आले, म्हणून ड्रॉवर उघडून उगाच स्क्रू शोधत बसले.

मग मी शुक्रवारचं विचारलं. रोज ऐकून बाबांना सगळे धवळे पाठ झाले होते. पण ते बायकांनी म्हणायचे, पुरुषाने म्हणायची रीत नाही. सुनेला शब्द सांगेन, ती म्हणेल, असं ते म्हणाले.

"आणि चाल?"

"चाल तिच्या गळ्यात व्हती, बाय. ती मला कुठली सांगता यायची?"

त्यांनी चादर पसरली. डब्याशेजारी डिस्क ठेवली. गाठ मारता मारता थांबले आणि माझ्या देवाच्या फळीकडे बघून त्यांनी कुंकू मागितलं. मी करंडा पुढे केला. त्यांनी चिमूटभर घेतलं, कोरडंच. बोट सवयीने भोकावर गेलं आणि तिथेच अडलं. मग ते सरकवून त्यांनी भोकापासून चांगलं दोन बोटं लांब, कडेला टिळा लावला. कुंकवाचा एक कण भोकाकडे घरंगळला होता, तो त्यांनी हळूच फुंकर घालून उडवला.