मामा आधी मावशी होता

माझ्या डोक्यावर केस नाहीत, हे मी कधी लपवलं नाही. पण भाच्याच्या जावळात, भर मांडवात, त्यावरून आपलीच मावशी होईल असं वाटलं नव्हतं.

शुभांगीताईच्या धाकट्याचं, हर्षलचं, जावळ नवसाचं. चार वर्षं केसांना कात्री लागली नव्हती, ते पार कमरेपर्यंत आले होते. मेथीच्या जुड्या शेलूबाजारला रवाना केल्या की ताई रोज त्याला पुढ्यात घेऊन वेणी घालायची. जावळ मामाच्या मांडीवर काढायचा रिवाज, म्हणून मी नवे कपडे घेऊन जऊळक्याहून आलो. नथ्थूभाऊ न्हाव्यांनी वस्तऱ्याला पातं लावलं आणि मांडीवरच्या पोरानं भोकाड पसरलं.

"काहून रडून राह्यला बे?" मी विचारलं.

"केस कापले की मी पोरगा होईन!"

"अबे, तू पोरगाच हायस."

"नाई. मले वेणी हाय, मी पोरगी हाय." मग त्यानं माझं टक्कल निरखून पाहिलं. "तू बी पहिले मावशी होता. केस गेले अन् मामा झाला."

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. हसता हसता नथ्थूभाऊंचा वस्तरा माझ्या मांडीपाशी थरथरत होता, त्यांच्यावर मी चांगलाच खेकसलो.

थोरला आदर्श आठ वर्षांचा, म्हणजे सर्वज्ञ. त्यानं ताईची लाल रिबीन खुंट्यावरच्या बोकडाच्या शिंगांना बांधली. "पाय, हा आता बकरी झाला काय?"

हर्षलनं रडणं थांबवून विचार केला. "हो. गंज आन, दूध काढू."

"अबे येड्या, लुगडं नेसवलं तरी पोरगा पोरगाच रायते!"

"मंग आई माही वेणी कायले घालीन?" हर्षलला पुन्हा हुंदका आला. "तुही घालते काय? तुले तं जवळ बी घेत नाई."

 आदर्श बोकडाची रिबीन सोडत बसला, पण गाठ सुटेना. मला फार वाईट वाटलं, कारण लेकरू खरं बोललं होतं. आदर्श शाळेत जायला लागल्यापासून ताईनं त्याच्या डोक्याला हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता.

वस्तऱ्यानं आपलं काम केलं. हर्षल गोटा चाचपत गेला आणि ताईच्या पुढ्यात पाठमोरा बसला. ताईनं तेलाची वाटी मागवली. वेणीला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती त्या गोट्यावर तेल चोळत राहिली. पंगतीत वाढायला तिला तीनदा हाक आली, ती उठली नाही.

हर्षल खेळायला पळाला तर मागे आदर्श उभा.

"मले बी डोक्यात खाजून राह्यलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

ताईनं त्याला ओढून बसवलं. एवढा दांडगा, गुडघे कुठे ठेवावेत कळेना. त्यानं डोळे मिटून घेतले आणि दुसरी पंगत उठेपर्यंत जागचा हलला नाही.