बाहेर पडू नका, जागा जाईल

"दिव्याच्या भरवशावर राहू नकोस गं, फोन करत जा," असं मास्तरांनी लेकीला बजावलं होतं आणि लेकीने ते हसण्यावारी नेलं होतं. "दिवा खोटं बोलत नाही बाबा. फोनवर तुम्ही बोलता," असं वर उत्तरही दिलं होतं.

तसं तिचंही अगदीच चुकत नव्हतं. मास्तर जन्मभर शाळेत पीटी घेऊन निवृत्त झालेले आणि आता दुसऱ्या गावी एकटे राहणारे. फोनवर केव्हाही विचारा, उत्तर ठरलेलं: "ठणठणीत!" मागच्या हिवाळ्यात चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, कपाळाला टाके पडले, तरी फोनवर ठणठणीतच होते. टाक्यांची बातमी तिला शेजारच्या काकूंकडून कळली. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागून राहिला. मुळातच काळजी करायला तिला कारण लागत नसे, आता तर ते आयतं मिळालं.

ती एका छोट्या कंपनीत नोकरीला होती. कंपनीचा एकच ऑनलाइन गेम. समुद्र, आणि त्यात प्रत्येकाचं एक बेट. आपल्या बेटावर झाडं लावायची, होडीत बसून शेजारच्या बेटावर जायचं, गप्पा मारायच्या, परत यायचं. मालक बेटावर असला की तिथला दिवा लागे, नसला की विझे. खेळणाऱ्यांना सूचना लिहिणं, त्यांच्या तक्रारींना गोड उत्तरं देणं, हे तिचं काम. तिनेच वडिलांच्या फोनवर तो गेम टाकून दिला. मास्तरांनी बेटाचं नाव ठेवलं 'शिट्टी' आणि झाडं लावली तीही कवायतीला उभी केल्यासारखी, हातभर अंतर राखून.

रोज सकाळी तिकडे चहाचा कप भरला की 'शिट्टी'वर दिवा लागायचा. इकडे तिच्या मांडीवरची तिची ठमी, जेमतेम चालायला लागलेली, स्क्रीनवर बोट आपटून ओरडायची, "आबा!" झालं. दिवा लागला म्हणजे माणूस उठला, चष्मा सापडला, तब्येत बरी. फोन हळूहळू कमी झाले. कमी झालेत हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि मग तो गर्दीचा दिवस उजाडला. कुणा लोकप्रिय माणसाने आपल्या व्हिडिओत हे बेटांचं जग दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी दुनिया होड्या घेऊन दारात हजर!

पाळणाघराला नेमकी त्याच दिवशी सुट्टी. ती ठमीला कडेवर घेऊन ऑफिसात पोचली. ऑफिस कसलं, जिन्याच्या टोकाची एक लांबट खोली. टेबलांखाली वायरींचा गुंता, आणि खोलीतला एकुलता एक पंखा माणसांकडे पाठ करून मशीनला वारा घालत बसलेला. तिने ठमीला मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यात बसवलं आणि हातात एक जुना कीबोर्ड दिला. ठमी कामाला लागली.

"सर्व्हर खच्चून भरलाय, ताई," सर्व्हर सांभाळणारा पोरगेलासा इंजिनिअर म्हणाला. पटकन भडकायचा म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणत. "आत आता मुंगी शिरणार नाही. बाकीच्यांना बाहेर रांगेत उभं केलंय."

कंपनीच्या मालकीणबाई हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. "इतकी वर्षं लोकांना या या म्हणून घसा कोरडा केला. आता आले, तर आपलं दारच अरुंद! लिही गं बाई काहीतरी. लोक चिडायच्या आत लिही."

तिने लिहिलं: "थोड्याच वेळात सर्वांना प्रवेश मिळेल. तोपर्यंत कृपया बाहेर पडू नका, रांगेतली जागा जाईल."

पडायचा तो तक्रारींचा पाऊस पडला. "थोडा वेळ म्हणजे नक्की किती?" "रांगेत उभ्या उभ्या मला दाढी आली. मी बाई आहे." "तुमचा थोडा वेळ तुमच्याकडेच ठेवा, आमचा परत द्या." ती एकेकाला उत्तर देत होती, क्षमस्व, क्षमस्व, आणि मधूनच समुद्राच्या नकाशाकडे बघत होती. इतके दिवे लागले होते की समुद्र दिसत नव्हता. फक्त 'शिट्टी'वर अंधार.

"आबा?" खोक्यातून ठमीने विचारलं.

"आबा रांगेत आहेत हं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा हात फोनकडे गेला. रांगेत असतील कशावरून?

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तसंच. शेजारच्या काकूंना लावला तर त्या म्हणाल्या, "अगं, मी लेकीकडे आलेय. का गं, काय झालं?" काय झालं तेच तर कळत नव्हतं. एरवी विझलेल्या दिव्याचा अर्थ लागायचा. आज निम्मं जग अंधारात ताटकळत होतं. त्या अंधारात मास्तर रांगेत उभे होते की बाथरूमच्या फरशीवर पडले होते, हे सांगणारं कोणी नव्हतं.

"फ्यूज, माझे वडील रांगेत आहेत का बघ ना."

"रांगेत नावं दिसत नाहीत ताई, नुसते आकडे. नाव दारातून आत आल्यावर कळतं. आणि आत्ता मी खोदकाम करायला गेलो तर सगळंच बसेल."

तिने पर्स खांद्याला अडकवली, ठमीला उचललं. ठमीने कीबोर्ड सोडला नाही, म्हणून कीबोर्डही उचलला.

"जा तू, आधी जा. इथलं मी बघते," मालकीणबाई म्हणाल्या, आणि फ्यूजकडे वळल्या. "आणि ती रांगेतल्या गप्पांची खिडकी बंद कर बाबा. सकाळपासून नुसत्या शिव्या येतायत तिथे."

"शिव्या केव्हाच थांबल्या," फ्यूज डोकं खाजवत म्हणाला. "आता भलतंच चाललंय. हे ऐका: 'खांदे मागे. हनुवटी वर. शेवटून दुसरा, तू अंग चोरतोयस.' खाली कोणीतरी विचारलंय, 'काका, तुम्हाला दिसतं कसं?' तर म्हणे, 'पोरांना आयुष्यभर पळवलंय. मला न बघता कळतं.'"

ती दारातच थबकली.

"'आता मनगटं फिरवा,'" फ्यूज वाचत होता. "'पाणी प्या. नाकाने श्वास, तोंडाने गप्प.'"

नाकाने श्वास, तोंडाने गप्प! हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. पर्स खांद्यावरून घसरली. तिने फ्यूजला खुर्चीसकट बाजूला सारलं आणि एका हाताने टाइप केलं, कारण दुसऱ्या हातात ठमी होती आणि ठमीच्या हातात कीबोर्ड.

"बाबा, फोन उचला!"

रांगेत खसखस पिकली. "कोणाचे बाबा?" "माझे नाहीत, माझे झोपलेत."

"रांगेत बोलायचं नाही," मास्तरांचं उत्तर आलं. "कोण आहे?"

"मी, तुमची लेक."

"कशावरून? मैदानावर तुझं काय हरवलं होतं, सांग."

"डावा बूट. आणि तुम्ही तशीच एका बुटावर मला फेरी मारायला लावलीत. फोन का उचलत नाही?"

"कसा उचलू? फोन घेतला की गेम बंद पडतो. आणि वर स्वच्छ लिहिलंय, बाहेर पडू नका, जागा जाईल. ते माझी लेक लिहिते. तिचा शब्द मीच मोडू?"

तिने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळेना, तर दोन्ही झालं. मालकीणबाईंनी ठमीला आपल्याकडे घेतलं.

इकडे रांग खवळली होती. "काका, फोन घ्या!" "घेतील कसे, जागा जाईल ना." "अहो गेमवाले, माणसाला फोन तरी घेऊ द्या!" "आणि मला बाथरूमला जाऊ द्या, सकाळपासून धरून बसलोय!" "आत नका घेऊ हवं तर. किती वेळ ते सांगा आणि जेवायला सोडा."

ती वाचत राहिली. सकाळपासून ती क्षमा मागत होती. ती कोणाला नकोच होती. लोकांना सुटी हवी होती.

"फ्यूज, बाहेर गेलेल्याची जागा धरून ठेवता येईल?"

"येईल की. तेवढं सोपं आहे. कोणी मागितलंच नव्हतं."

"मी मागतेय."

"आणि खरं सांग, सगळे आत कधी येतील?"

हा प्रश्न मालकीणबाईंचा होता. फ्यूजने पंख्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "नवीन मशीन जोडतोय. पण दिवस मावळेल. त्याआधी म्हणालो तर थाप होईल."

जागा धरायची सोय करून फ्यूजची बोटं थांबली तशी तिने आधीची सूचना पुसली आणि नवी लिहिली: "माणसं फार, जागा कमी. दिवस मावळेपर्यंत हे असंच चालेल. तुमची जागा आम्ही धरून ठेवतोय. खुशाल बाहेर पडा, जेवा, फोन घ्या. पाळी आली की घंटा वाजवू."

"अखेर कोणीतरी खरं बोललं," एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, "मी अजून चिडलेलोच आहे. पण आता जेवून येऊन चिडतो."

आणि तिचा फोन वाजला.

"ठणठणीत!" पलीकडून आवाज आला.

"बाबा. खरं सांगा."

"सकाळी थोडं गरगरलं होतं. खुर्चीत बसलो. बसल्या बसल्या रांगेत लागलो. आता बरं वाटतंय."

"बीपीची गोळी?"

"संपलीय. आणायचीय."

दिवा लागला असता तर हे तिला कळलंच नसतं. दिवा लागला असता, ठमी "आबा!" ओरडली असती, आणि ती खुशाल कामाला लागली असती.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. रिक्षाने. पायी नाही."

"घंटा वाजली की जातो ना."

"बाबा, जागा धरून ठेवलीय. मी स्वतः धरलीय. पळा!"

"पायी नाही म्हणालीस ना आत्ताच?" म्हणत मास्तर गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळी बदलून दिली, नियमित घ्या म्हणून दटावलं. एवढं सगळं त्यांनी लेकीला न विचारता सांगितलं, म्हणजे डॉक्टरांनी चांगलंच दटावलं असणार.

दिवस मावळताना 'शिट्टी'वर दिवा लागला. मागोमाग होड्यांची झुंबड उडाली. रांगेतली सगळी पलटण मास्तरांच्या बेटावर उतरली, हातभर अंतर राखून उभी राहिली. ठमी टेबलावर चढून बसली होती. तिने तो दिवा पाहिला, मग आईच्या हातातला फोन पाहिला, आणि पंचाइतीत पडल्यासारखी दोन्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा! आबा!"

अजूनही ती रोज सकाळी तो दिवा बघते. पण आधी फोन लावते, आणि "ठणठणीत" ऐकल्यावर ठेवून देत नाही, "खरं सांगा" म्हणून थांबते.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा दिवा असेल. कोणाच्या नावापुढचा हिरवा ठिपका, कोणाचा रोज सकाळी येणारा फुलांचा फोटो. तो आला म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. हे वाचून झालं की त्या माणसाला एक फोन करा. ठणठणीत म्हणाला तर पुन्हा विचारा. तेवढ्यात इथली तुमची जागा कुठे जात नाही.