उस्ता वहीबच्या जिभेचा उपास

"लाव जिभेला," वहीब म्हणाला.

"आणि एकोणीस दिवस सांभाळलेला रोजा चमचाभर दुधापायी घालवू?" बदवी दोन पावलं मागे सरकला. "सूर्य मावळू द्या, उस्ता. मग अख्खी परात चाटतो."

"पाहुणे साडेबाराला जेवतात."

"ते सूर्याला सांगा."

परातीत ओम अली होती. दूध, भाजलेली पोळी, बेदाणे आणि बदाम. साखर अजून पडायची होती. नाईलवरचं ‘झहरा’ जहाज एदफूचा धक्का सोडून असवानच्या दिशेने निघालं होतं. वर चौऱ्याऐंशी पाहुणे उन्हात स्वतःला भाजून घेत होते आणि खाली भटारखान्यात उस्ता वहीबला दरदरून घाम फुटला होता.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप आठवड्यात गेला, जाताना वास आणि चव घेऊन गेला. येतील परत, म्हणून वहीबने वर्षभर वाट पाहिली. ही गोष्ट जहाजावर एकट्या बदवीला, त्याच्या मदतनिसाला, ठाऊक होती. वहीब रांधायचा, बदवी चाखायचा. बदवीची एक भुवई वर गेली की साखर कमी, दोन्ही गेल्या की जास्त. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. वहीब पडला किब्ती, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाचा ख्रिस्ती. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस त्याला दूध, अंडं, मांस वर्ज्य. आचाऱ्याने आपल्या हातची खीर चाखली नाही, तर लोक त्याला भाविक म्हणतात. वहीबच्या भाविकपणाबद्दल जहाजावर मोठा आदर होता. चव गेल्यापासून तो आणखी वाढला होता.

यंदा मात्र ख्रिस्त्यांच्या मोठ्या उपासात रमजान येऊन पडला. अख्ख्या भटारखान्यात दिवसा चव घेणारं एकही तोंड उरलं नाही. आचाऱ्याने जिभेच्या शेंड्याने चाखून थुंकलं तर चालतं, असं सांगणारे शेख आहेत. बदवीचा शेख त्यातला नव्हता.

तेवढंही निभलं असतं. एकोणीस दिवस अंदाजावर निभलंच होतं. पण सकाळी एदफूला मादाम उल्फत जहाजावर चढल्या. जहाजाला पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीच्या त्या बाई. प्रवाशांच्या हाती द्यायची सूचनांची पुस्तिका त्या नव्याने लिहीत होत्या: जहाजावर काय खावं, काय टाळावं, गलाबिया, म्हणजे पायघोळ झगे, घालून नाचायच्या रात्री काय करावं, होडीतले विक्रेते खालून कपडे वर फेकतात तेव्हा ते झेलू नयेत, कारण झेलला की सौदा सुरू झाला. मागच्या मोसमात दुसऱ्या एका जहाजाबद्दल त्यांनी ‘सूप कोमट’ एवढे दोनच शब्द लिहिले. तो सूपवाला आता किना गावी टायर विकतो.

वहीबला अठ्ठावन्न पुरी झाली होती. बिनजिभेचा आचारी कुठलं जहाज घेणार? आणि घरी बसलेला वहीब कसा दिसतो, हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं.

त्याने डब्यात हात घातला.

"तुम्हीच का उस्ता वहीब?" मागून बाईंचा आवाज आला.

तो दचकला. मुठीत होतं ते दुधात पडलं. मग आणखी तीन मुठी, कारण बाई बघत होत्या आणि थांबला असता तर ‘का थांबलात?’ असं झालं असतं.

"गोडाचं पान तुमच्यावर लिहायचं म्हणते," त्या म्हणाल्या. "सगळ्यात जुने तुम्हीच ना?"

"माझ्याहून जुनं फक्त इंजिन आहे, मादाम," वहीब म्हणाला. आवाज नीट निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं.

साडेबाराला तो पांढरी टोपी चढवून मेजामागे उभा राहिला. वर्षभर तो पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून स्वतःचा स्वयंपाक चाखत आला होता. पहिल्या मेजावरच्या उंच डच म्हाताऱ्याने ओम अलीचा चमचा तोंडात घातला आणि तो चमचा तिथेच राहिला. मग त्याने अख्खी बाटली रिकामी केली. शेजारणीनेही केली. पाणी बाटलीचंच प्या, असं भोजनगृहाचा प्रमुख मेत्र तलअत पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बजावत असे. ही सूचना इतक्या मनोभावे पाळलेली वहीबने कधी पाहिली नव्हती.

पण परात संपत आली. परदेशी माणूस मशिदीत चप्पल काढायला सांगितली तर काढतो आणि वाटीत दिलेलं खातो. कुणीतरी मेत्रला बोलावून काही विचारलं. मेत्र तलअतला, न चाखताच, सगळं ठाऊक असायचं. "फराओंच्या काळची पद्धत," तो गंभीरपणे म्हणाला.

मादाम उल्फत कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. त्यांचाही रोजा होता. उठताना म्हणाल्या, "ह्याच परातीतली एक वाटी मला ठेवा. इफ्तारला खाली येते."

खाली येऊन वहीबने मिठाचा डबा उचलला. सकाळी भरलेला डबा निम्मा झाला होता.

तो पिठाच्या पोत्यावर बसला. "बदवी, मी मीठ घातलं."

"नक्की?"

"कोण सांगणार नक्की? तुझं तोंड बंद, माझं मेलेलं."

बदवीने झाकून ठेवलेल्या वाटीकडे पाहिलं, मग गोल खिडकीतून सूर्याकडे. सूर्याला काही घाई नव्हती. बदवीने चमचा उचलला. "शेखला मी समजावेन. म्हातारा आहे, विसरतोही."

वहीबने चमचा हिसकावून घेतला. "गप बस. माझी जीभ गेली तेवढी पुरे."

"ही वाटी बाईंना दिलीत, तर उद्या दोघंही टायर विकायला."

मग वहीबने दुसरी परात घेतली. दुसऱ्या डब्यातले चार दाणे तापल्या तव्यावर टाकले. ते विरघळून तपकिरी झाले. म्हणजे साखर. तरी त्याने आणखी दोनदा टाकून पाहिले. वर गलाबियाच्या रात्रीसाठी तबल्याची तालीम चालली होती. ओव्हनची काच त्याने इतक्या वेळा पुसली की बदवी म्हणाला, "उस्ता, आता ती पातळ होईल." खारी वाटी नदीत गेली.

सूर्य टेकला तेव्हा मादाम उल्फत खाली आल्या, मागोमाग मेत्र तलअत. भटारखान्यातल्या पत्र्याच्या मेजाभोवती सगळे बसले. काठावरच्या गावातून अजान ऐकू आली. सगळ्यांचे हात खजुराकडे गेले. दिवसभराचा तहानलेला बदवी पाण्यालाही शिवला नाही. त्याने पहिला घास ओम अलीचा घेतला. वहीब त्याच्या भुवयांकडे बघत राहिला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बाईंनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं, मग चमचा घेतला.

"उत्तम," त्या म्हणाल्या.

वहीब उठून शेगडीकडे पाठ करून उभा राहिला. शेगडीवर पहाटेच्या सहरीच्या खिरीचं दूध होतं.

बाईंनी पिशवीतून पाहुण्यांनी भरलेले अभिप्राय काढले. "मग अकरा जणांनी ‘खारट’ का लिहिलंय?"

"घाम, मादाम," मेत्र तलअत म्हणाला. "डेकवर ऊन फार. ओठांवर उतरतो."

"आणि हे, ‘तीन हजार वर्षांपूर्वीची चव’?"

"ते घामाच्या पलीकडचं आहे," मेत्रने कबूल केलं.

बाईंनी वही उघडली. "उस्ता, खरी कशी लागते ते तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दांत लिहिते."

हे त्याला येत होतं. वहीबने डोळे मिटले. "आधी वास येतो, मादाम. पोळीच्या कडांचा, भट्टीत ठेवलेल्या तुपाचा. आमच्या आईच्या ओढणीला यायचा. मग बेदाणा दाताखाली फुटतो. दूध म्हशीचंच हवं, कोवळ्या गवतावरच्या. त्याला हिरवट गोडी असते, ती साखरेच्या आधी कळते…"

मेजाशी कुणीतरी हललं. मग खुर्ची सरकली. वहीबने डोळे उघडले. बदवी त्याच्या मागून हात घालून शेगडी बंद करत होता. त्याने पातेलं उचललं. दूध उतू जाऊन कडांना काळं झालं होतं, तळ करपला होता. मेत्र तलअतचा हात नाकाशी होता. तो त्याने खाली घेतला आणि छताकडे पाहायला लागला. बाईंची लेखणी थांबली होती.

किती वेळ करपत होतं, कुणास ठाऊक. ते त्याला एकट्यालाच कळलं नव्हतं.

मादाम उल्फत उठल्या. त्यांनी गोल खिडकी उघडली, उकडत असल्यासारखी. पुन्हा बसल्या, लेखणी उचलली.

"थांबलात का? दुधापर्यंत आलो होतो आपण."

वहीबने टोपी काढली, हातात धरली.

"दूध मंद आचेवर ठेवायचं," तो म्हणाला. "आणि त्याच्यापाशी माणूस उभा करायचा."

"कसा माणूस?"

"ज्याला वास येतो असा."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मोरीपाशी बदवी पातेलं घासायला लागला, होईल तितका कमी आवाज करत.