आईच्या वाटच्या गोळ्या

अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. ते माणसाच्या हातात नसतं. बाहेरच्या खोलीचे पडदे ओढलेले होते, शुक्रवारच्या दुरुस्तीसाठी वीज गेलेली होती, आणि तरीही हर्षितची बाहुली मोहरीच्या दाण्याएवढीच होती.

जागृती डोंबिवलीला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानातही वीज नव्हती म्हणून ती आज लवकर शहाडला घरी आली होती. पर्स खांद्यावरून न काढताच ती धाकट्या भावासमोर बसली.

"काय बघतेस ताई? नंबर काढतेस काय माझा?" हर्षित हसला.

"कधी घेतलीस?"

"काय?"

"गोळी."

"वेडी झालीस काय? आईची शपथ, हात पण नाही लावलेला."

बाइक घसरून त्याचा खांदा मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, दुखणं गेलं, पण दुखण्यावरची अफूच्या जातीची गोळी काही सुटली नाही. ती पोटात असली की बाहुली अंधारातही बारीकच राहते. ठाण्याच्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, दाखल करा. पण टिटवाळ्याच्या कल्पिताशी त्याचं जमलेलं, साखरपुडा तोंडावर. पंचक्रोशीत सगळी सोयरीक. मुलगा कुठल्या वॉर्डात आहे हे एका दिवसात सगळीकडे झालं असतं. "मी घरी सांभाळते," असं जागृतीने छातीठोकपणे सांगितलं होतं. साखरपुडा झाला. मग गणपती आले. दाखल करायचं पुढे पुढे जात राहिलं, आणि हर्षित तर सुधारतच होता. गोळी बंद झाल्यावरचा घाम, थरथर, उलट्या थांबल्या होत्या. जेवायला लागला होता. जागृतीने डॉक्टरीणबाईंना ते अभिमानाने कळवलंही होतं.

घरात तशी गोळी एकाच ठिकाणी होती. आईला, केशरबाईला, बरगडीवर नागीण उठून गेली होती. पुरळ वाळलं, पण आतली आग राहिली. तिच्या गोळ्या जागृतीच्या कपाटात कुलपाआड असायच्या, किल्ली पर्समध्ये. सकाळ-संध्याकाळ जागृती स्वतः आईच्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची. पाकिटातली एकही गोळी कधी कमी भरली नव्हती.

"मग आली कुठून?" तिने विचारलं.

"अगं घेतलीच नाही तर येईल कुठून?"

"शपथा नको घेऊ रे माज्या," आतून आवाज आला. "मी हाय जित्ती अजून."

केशरबाई दारात उभी होती. भिंतीला हात टेकून. बरगडीला कापड सोसत नव्हतं म्हणून पदर सैल धरलेला.

"त्याला नको विचारू गो. मीच देतंय."

"तुझ्या गोळ्या तर तू माझ्यासमोर गिळतेस."

"जिभेखाली धरतंय. तू पाठ फिरवलीस का काढतंय."

जागृतीला आधी काही वाटलंच नाही. मग तिला आठवला तो सोमवार. आईला अख्खी रात्र बसून काढावी लागते, गोळी पुरत नाही, असं ती आईच्या डॉक्टरांशी भांडून आली होती. डोस तिने वाढवून घेतला होता. तिने स्वतः. आणि त्याच्या आधी कितीदा तरी आईला म्हणाली होती, दुखण्याकडे सारखं लक्ष देऊ नकोस, दुसरीकडे मन लाव.

"मी तुला बोलले, तेव्हा तू गप्प बसून ऐकून घेतलंस?"

"कं सांगू? त्याचा अंग कापत होता. भिंतीला डोका आपटत होता पोरगा. मना नाय बगवला. माजा दुखना मना सोसतंय."

"मी काही मागितली नव्हती ताई," हर्षित म्हणाला.

केशरबाईने त्याच्याकडे पाहिलं.

हर्षितने मान खाली घातली. "पहिल्या वेळी नव्हती मागितली."

म्हणजे नंतर मागत होता. रात्री भिंतीपलीकडे आई कण्हायची तेव्हा तो मधल्या खोलीत गाढ झोपलेला असायचा. आणि सकाळी तिघं एकत्र चहा प्यायची.

"दोघांनी मिळून मला चांगलंच मूर्ख बनवलंत," जागृती म्हणाली.

"असा नको बोलू बाय."

"उद्यापासून बंद," हर्षित घाईने म्हणाला. "खरंच. तुझ्यासमोर राहतो, तू म्हणशील तसं."

"ऐक त्याचा. पोरगा बोलतंय ना."

जागृती उठली. कपाट उघडून तिने एक गोळी काढली, आईला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. "गिळ." केशरबाईने गिळली. "तोंड उघड. जीभ वर कर." मोबाइलचा उजेड पाडून तिने आत पाहिलं, वॉर्डातल्या नर्ससारखं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. जागृतीने ते पाहिलं, आणि तरी गालांच्या आतल्या बाजूसुद्धा तपासल्या.

मग तिने फोन लावला. डॉक्टरीणबाईंकडे जागा होती. आज संध्याकाळपर्यंत आणा म्हणाल्या.

"अगो, टिटवाल्याला कं सांगशील?" केशरबाईने विचारलं. "लगीन मोडतील ते."

"खरं काय ते सांगेन. मोडलं तर मोडलं." ती भावाकडे वळली. "हर्षित, ऊठ, कपडे भर. माझ्याच्याने घरी होणार नाही. तू आज दाखल होतोयस."