भाचीच्या चष्म्यातला नंबर

चष्मेवाल्यांनी काडीचा स्क्रू आवळला, काडी दोनदा उघडून मिटून पाहिली, आणि चष्म्याच्या आतली छोटी चौकट नखाने अलगद सुटी करून नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवली. भाचीने फक्त काडी घट्ट करायला सांगितली होती. पण दुकानात आलेली काच मोजल्याशिवाय परत जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा शिरस्ता होता, आणि शिरस्ता मोडला की त्यांना जेवण गोड लागत नसे.

तो चष्मा तसा चष्मा म्हणण्याजोगा नव्हताच. जाडजूड काळा गॉगल, काडीतून निघालेली वायर. वायर फोनला जोडली की डोळ्यांसमोर भिंतीएवढा पडदा उभा राहतो आणि त्यावर सिनेमा दिसतो, असं भाची सांगायची. ती लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होती. कामासाठी गावोगाव फिरायची आणि प्रवासात हा गॉगल लावून खुशाल पडून राहायची. ज्यांना नंबर असतो त्यांच्यासाठी आत लोहचुंबकाने चिकटणारी ही दोन काचांची चौकट असते. इथवर चष्मेवाल्यांना सगळं समजत होतं. समजत नव्हतं ते एवढंच, की भाचीला नंबर कधी लागला. तिचे डोळे दर वर्षी तेच तपासत आणि ते लख्ख होते.

त्यांनी यंत्राचं चाक फिरवलं. उजवी काच उणे साडेचार. डावी उणे चार, आणि डावीत थोडा तिरका नंबर, पाऊण, एकशे दहाच्या कोनात. हा पाऊण त्यांना कुठेतरी भेटल्यासारखा वाटला. त्यांनी काचांच्या मध्यावर शाईचे ठिपके दिले आणि पट्टी लावून नाकापासूनचं अंतर मोजलं. उजवीकडे तीस मिलिमीटर, डावीकडे सत्तावीस.

दोन डोळ्यांच्या अंतरात इतका फरक हजारात एखाद्याच्या चेहऱ्यात असतो. चष्मेवाल्यांच्या माहितीत असा एकच चेहरा होता, आणि तो या वेळी दुकानामागच्या फळीच्या भिंतीपलीकडे भाजी चिरत होता.

पण त्यांच्या बायकोचा नंबर उणे सव्वा होता. दोन्ही डोळ्यांचा, डावीत तोच तिरका पाऊण, आणि तेरा वर्षं जागचा हललेला नव्हता. ही गोष्ट त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली होती की फळीपलीकडे तिच्या कानांना घट्टे पडले असतील. नवीन माणूस खुर्चीत बसला की चष्मेवाले म्हणत, आमच्या घरातलंच बघा, तेरा वर्षं एकच नंबर, वेळच्या वेळी तपासलं की असं होतं. आणि त्यावर कडी म्हणजे साठीला टेकलेली बायको चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवते, हेही ते छाती फुगवून सांगत.

यंत्र बिघडलं असावं. त्यांनी डब्यातून माहितीच्या नंबरची काच काढून लावली; यंत्राने ती बरोबर सांगितली. दुसरी लावली, तीही बरोबर. मग त्यांनी पुन्हा चौकट ठेवली आणि पुन्हा साडेचार आला. डोळे बायकोचे आणि नंबर भलत्याचाच, असा हा प्रकार होता. जगात याच मापाची आणखी एखादी बाई असेल आणि ती नेमकी भाचीच्या ओळखीची असेल, असाही विचार त्यांनी करून पाहिला, पण तो त्यांनाच पटेना.

जेवताना ते बायकोकडे बघत राहिले. ती ताटाकडे बघून जेवत होती. समोरच्या कपाटावरच्या टीव्हीवर तिनेच शिवलेलं झाकण होतं आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले होते. पूर्वी दुपारची मालिका चुकली तर ही बाई दिवसभर फुगून बसायची. दोन-तीन वर्षांपूर्वी तिने एकाएकी टीव्ही सोडला. वय झालं की आवडी बदलतात, असं तेव्हा ते स्वतःशी म्हणाले होते.

त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की हल्ली टीव्ही का लावत नाहीस. ती म्हणाली, बघण्यासारखं असतं काय त्यात. मग दुपारी काय करतेस, तर भाचीकडे जाते वर, ती असली तर गप्पा होतात. भाची त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. उत्तरं सगळी सरळ होती. 

हात धुतल्यावर ते म्हणाले, ये जरा बाहेर, बऱ्याच दिवसांत तुझे डोळे पाहिले नाहीत. ती निमूटपणे आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. ते नेहमीसारखे तिच्यासमोर स्टुलावर बसले, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाठ करून, आणि आधी तिचा एक, मग दुसरा डोळा झाकला. तिने वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता वाचला. शेवटच्या बारीक ओळीतही चुकली नाही.

म्हणजे उणे सव्वा बरोबर होता. चष्मेवाल्यांना हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही क्षणभर. पण पाऊण, एकशे दहा आणि सत्तावीस हे तीन आकडे काही केल्या डोक्यातून जाईनात. दुपारी एक मिस्त्री डोळे दाखवायला आले. त्यांना अक्षरं वाचायचा सराव नव्हता, म्हणून चष्मेवाल्यांनी खिळ्यावरचा तक्ता उलटवून मागची आकड्यांची बाजू पुढे केली. मिस्त्रींचं काम झालं, ते गेले, आणि जाताना चष्मेवाल्यांना दोनदा विचारून गेले की तुमची तब्येत बरी आहे ना.

पाचच्या सुमाराला भाची आली. काडी हलवून पाहिली, खूश झाली आणि गॉगल पिशवीत टाकू लागली.

"थांब," चष्मेवाले म्हणाले. "मला दाखव तरी यात काय दिसतं ते."

तिने वायर फोनला जोडली आणि गॉगल त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांना करडे डाग दिसले. डाग हलत होते, कोणीतरी बोलत होतं, पण माणूस कोणता आणि झाड कोणतं याचा पत्ता लागत नव्हता.

"आतली काच काढ की, मामा. ती तुझ्या नंबरची नाहीये."

तिनेच हात घालून चौकट काढली आणि त्यांच्यासमोर खरोखर भिंतीएवढा पडदा उभा राहिला. जुना, बिनरंगी सिनेमा होता, अर्ध्यावर थांबवलेला आणि आता पुढे सुरू झालेला. नायिका जिन्यावर उभी होती. तिच्या पदराची किनार, कपाळावर आलेली बट, कठड्यावरचं नक्षीकाम, सगळं लख्ख. भाची असले सिनेमे बघणाऱ्यांपैकी नव्हती. तिला गाड्या उडणारे सिनेमे लागत.

त्यांनी गॉगल काढला आणि ही चौकट कुणाची म्हणून विचारलं. मैत्रिणीची, भाची म्हणाली. मैत्रीण कुठली, तर आहे एक, वयाने मोठी आहे. भाचीने वायर गुंडाळायला घेतली, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

"नंबर कुणी काढला तिचा?"

"बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात. यंत्रावर हनुवटी टेकवली की कागद बाहेर येतो."

"तक्ता वाचायला लावला नाही?"

"नाही. कागदावर लिहून दिलं, मोतीबिंदू असेल, डॉक्टरांना दाखवा म्हणून. मी तिच्या मागे लागलेय, पण ती ऐकत नाही." भाचीने वर पाहिलं नाही. "म्हणते, घरी कळलं तर त्यांना वाईट वाटेल. मी शब्द दिलाय रे मामा तिला. मला आणखी काही विचारू नकोस."

ती गेली. चष्मेवाले गल्ल्यामागे उभेच राहिले. उतारवयात उणे नंबर वाढत जातो तो मोतीबिंदूने, आणि तसा तो वाढला की जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं, हे त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. सुईत दोरा ओवणाऱ्या बायकोचं कौतुक सांगताना मात्र त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं. ही बाई रोज दोन रस्ते ओलांडून बाजारात जात होती. गाड्या तिला दिसत तरी होत्या का?

तरीही एक गोष्ट बसत नव्हती. तिला दिसत नसेल, तर दुपारी तिने शेवटची ओळ वाचली कशी? साडेचारच्या डोळ्यांवर सव्वाचा चष्मा असताना ती ओळ कोणाच्या बापाला वाचता आली नसती. त्यांनी पुन्हा हिशोब केला, पुन्हा तिथेच येऊन अडकले. शेवटी त्यांनी फळीवर टकटक केलं आणि बायकोला हाक मारली.

"दुपारी तर झालं," ती हात पुसत आली.

"एकदा परत. माझंच काहीतरी चुकतंय."

ती बसली. त्यांनी तक्त्यावरचा दिवा लावला तो हात मागे करूनच, आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. तिचा उजवा डोळा झाकला. तिच्या डाव्या डोळ्यात त्यांना काही दिसतं का, म्हणून ते वाकून बघत होते. बाहुलीच्या आत किंचित पिवळसर झाक होती. ती आज आली होती की दोन वर्षांपासून होती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

तिने वरून सुरुवात केली. मोठं अक्षर, मग दोन, मग तीन. ते सवयीने बरोबर, बरोबर म्हणत गेले.

"र, ख, न, भ, ल," शेवटच्या ओळीला ती म्हणाली. 'भ'पाशी किंचित अडखळली. गिऱ्हाइकं तिथेच अडखळतात.

"बरोबर," चष्मेवाले म्हणाले, आणि दिवा घालवायला उठून वळले.

तक्त्यावर आकडे होते. सर्वांत वर मोठा सात, त्याखाली चार आणि नऊ, आणि तसेच खालपर्यंत. मिस्त्रींसाठी उलटवलेला तक्ता त्यांनी परत फिरवलाच नव्हता.

त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. चौतीस वर्षं ती फळीपलीकडे बसून रोज दहा माणसांना तोच तक्ता वाचताना ऐकत आली होती. न पाहता तिला तो येणारच. पण त्यांना तर पाहता येत होतं, आणि बायकोचे डोळे तपासताना त्यांनी एकदाही मान वळवून तक्त्याकडे पाहिलं नव्हतं. ती पाठ म्हणत होती आणि ते पाठ ऐकून घेत होते. तिचा त्यांना राग आला, इतका की काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं. मग त्यांना तेरा वर्षांची ती फुशारकी आठवली, जी प्रत्येक वेळी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मारलेली होती, आणि रागाची जागा शरमेने घेतली. आपला शब्द गिऱ्हाइकांसमोर खोटा पडू नये म्हणून ही बाई धूसर जगात वावरत राहिली होती, आणि एवढ्या काळात तिने सुख कुठलं मिळवलं, तर भाचीच्या घरी चोरून अर्धा-अर्धा सिनेमा.

दिवा घालवला गेला नाही, यावरून तिला काय ते कळलं असावं. ती खुर्चीतच जरा पुढे सरकून बसली.

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ," चष्मेवाले म्हणाले. "मी येतो बरोबर."

"दुकान?"

"राहील बंद."

तिने चष्मा काढला, साडीच्या पदराने पुसला आणि पुन्हा घातला. रोज गिऱ्हाइकांना पदराने काच पुसू नका म्हणून बजावणाऱ्या चष्मेवाल्यांनी तिला पुसू दिलं.

"तिथला तक्ता वेगळा असेल ना?" तिने विचारलं.

"हो."

"तिथलं मला एक अक्षर येणार नाही."

"नको येऊ दे," ते म्हणाले. "इथलंही नको. सगळं विसर आणि समोर बघ. घाई नाही. काय दिसतं तेवढंच सांग."

ती भिंतीकडे बघत राहिली. डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती करून पाहिली.

"पांढरं काहीतरी आहे," ती हळूच म्हणाली. "आणि त्याच्या शेजारी तुम्ही."