एनोचा तीन

"फोन बदलून पाहिला, डेटा भरून पाहिला, हात उंच करून पाहिला," पापा बोआदी म्हणाले. "आता आंब्यावर चढायचं तेवढं राहिलंय."

"चढू नका, पापा. खाली उतरवायला आता एनो नाही," शेजारची कोनादू म्हणाली आणि चष्मा नाकावर सारला.

कुमासीतल्या या गल्लीत पापांच्या बायकोला सगळेच एनो म्हणत, म्हणजे आई. उद्या तिचं दफन होतं. शाळामास्तर पुतण्यानं तिच्या नावाचं पान इंटरनेटवर टाकलं होतं. त्यात भजनं होती, नातलगांची लांबलचक यादी होती, पण जिथं एनोचा व्हिडिओ दिसायचा तिथं नुसता काळा चौकोन. लेक डुफी हॅम्बुर्गला, कागदपत्रांअभावी अडकलेली. तिथल्या बायका तिच्या घरी जमल्या होत्या आणि अर्ध्या तासात प्रार्थना सुरू व्हायची होती. आईचा चेहरा तिला फक्त या व्हिडिओतच दिसणार होता.

कोनादूनं पान आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं. तोच काळा चौकोन.

"म्हणजे तुमच्या फोनचा दोष नाही. उगाच डेटावर पैसे घातलेत."

"दुकानातला पोरगा म्हणाला..."

"तो विकायलाच बसलाय, पापा!"

मास्तरानं चिठ्ठीवर दिलेला पासवर्ड टाकून ती पानाच्या पोटात शिरली. कोर्टाबाहेर बसून तिनं सव्वीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप केली होती आणि एकही चुकीचं अक्षर कधी पुढं जाऊ दिलं नव्हतं. वकीलसुद्धा तिला वचकून असत. आजही तिनं एक बोट पानात लिहिलेल्या व्हिडिओच्या नावावर ठेवलं, दुसरं खुद्द फाईलच्या नावावर, आणि अक्षरागणिक पुढं सरकू लागली. फार सरकावं लागलंच नाही.

"सापडलं. पानात मास्तरानं एनोचा ए शुद्ध लिहिलाय, आपल्या भाषेतला, उघड्या तोंडाचा. फाईलवर मात्र तीनचा आकडा आहे."

तो ए दिसतो उलट्या 3 सारखा. कीबोर्डवर तो नसतो, म्हणून अख्खं शहर त्याच्या जागी 3 दाबतं आणि सगळ्यांना वाचता येतं.

"आपल्याला दोन्ही एकच," कोनादू म्हणाली. "यंत्राला वाटतं, या दोन वेगळ्या बायका आहेत. थांबा, फाईलचं नाव सुधारते."

"नको." पापांनी तिचा हात धरला. "ते नाव तिनं लिहिलंय. व्हिडिओ स्वतः काढला, नाव स्वतः टाकलं. आठवडाभर शिकत होती गं. राहू दे."

कोनादूनं फाईल तशीच सोडली. मग तिनं पानातला मास्तराचा शुद्ध ए खोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचं अक्षर टाईप केलं. 3.

कोनादूचा फोन वाजला. "आंटी, दिसतंय!" डुफी ओरडली. मागं बायकांचा गलका होता, तो एकदम थांबला.

इथंही काळा चौकोन उजळला. एनोचं कपाळ फार जवळ आलं, मग डोळे, मग सगळा वैतागलेला चेहरा.

"अहो, चालू झालं का हे?"

पापा उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचं काळं वस्त्र नीट केलं.

"झालं, झालं," ते म्हणाले. "बोल तू."