परभणीची पाच मिनिटं

भाग्येशने विमानाची तिकिटं काढली आणि अख्ख्या बोईसरला सांगत सुटला. म्हणजे बघा ना, नांदेडला गाडीने बारा तास, आणि विमानाने? सव्वा तास! मुरब्याचा त्याचा मच्छीमार दोस्त कुंदन तर म्हणालाच, "एवढ्या वेळात आमची बोट खाडीभायेर नाय पडत, आन तू नांदेडला?"

भाग्येशचे पप्पा, चंद्रभान, तारापूरच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं शिफ्ट करून यंदाच रिटायर झाले होते. दरवर्षी महालक्ष्म्यांना बोईसरजवळच्या बेटेगावातून नांदेडकडच्या गावी जायचं, तेही दिवसाच्या त्याच गाडीने. आणि त्या अख्ख्या प्रवासात भाग्येश वाट कशाची बघायचा? परभणीची! गाडी तिथे पाच मिनिटं थांबायची. जवळच्याच झरी गावाहून जीपने आलेली रत्नाबाई आत्या फलाटावर डबा घेऊन उभीच असायची. खिडकीतून आधी धपाटे आत, मग दही, मग आत्याचा हात, थेट भाग्येशच्या गालावर. "किती वाळलास रे चंदर," असं ती पप्पांना म्हणेपर्यंत गाडी हलायची. सुट्टी चारच दिवस, म्हणून पप्पा तिथे कधी उतरलेच नाहीत. बहीणभावाची वर्षाची भेट तेवढीच.

तर विमानात भाग्येशने पप्पांना खिडकी दिली. खाली नुसते ढग. पप्पा बराच वेळ बघत बसले, मग हळूच म्हणाले, "परभणी गेलं का रं?"

"गेलं असेल. आत्याला सांगितलंय ना तुम्ही?"

पप्पांनी खिडकीची झडप खाली ओढली.

"पप्पा?"

"काल फोनवर तिनंच विचारलं, डबा कोणता म्हणून. पीठ भिजवलंय म्हणली. मग मी... डी-पाच म्हणलो."

सत्तरीची आत्या, हातात डबा, डी-पाचच्या खिडक्या शोधतेय आणि आत भलताच कोणीतरी!

"उतरल्या उतरल्या फोन करा."

"काय सांगू? तुझ्या डोक्यावरून उडून गेलो म्हणू?"

नांदेडला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. पप्पांच्या नेहमीच्या गाडीची परभणीची वेळ पावणेपाच. भाग्येशने पप्पांकडे एकदा बघितलं, बॅगा उचलल्या आणि रिक्षावाल्याला गावाऐवजी स्टेशन सांगितलं. आणि निघाले की बापलेक, आले त्याच दिशेला उलटे! परभणीकडची गाडी मिळाली ती थेट अडीचला, त्यात मधे तासभर उभी राहिली. परभणीला उतरून दोघं पूल चढले तोवर पलीकडच्या फलाटावर नांदेडला जाणारी नेहमीची गाडी शिरलीसुद्धा. पप्पांना दम लागलेला, तरी जिना जवळजवळ पळतच उतरले.

आत्या डी-पाचच्या खिडक्यांजवळून चालत होती, पाठमोरी, डबा छातीशी धरून. "चंदर! ए चंदर!" आतून कोणीतरी मान हलवली. ती पुढच्या खिडकीपाशी गेली.

"आक्का," पप्पांनी मागून हाक मारली.

"खिडकीत ये की रे, दिसंना मला!" आत्या खिडकीलाच म्हणाली.

"आक्का, इकडं. मागं बघ."

ती वळली. बघतच राहिली. तेवढ्यात भोंगा वाजला, आणि आत्याने डबा पप्पांच्या हातात कोंबला आणि ती दोन्ही हातांनी त्यांना दाराकडे रेटायला लागली.

"अरे खाली कामून उतरलास? चढ, चढ! गाडी सुटली!"

"सुटू दे, आक्का."

शेवटचा डबा पुढून जाईपर्यंत आत्या त्यांना ढकलतच होती.